पावसाळ्यांतील रेवदंडा

बीडसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील मनुष्य कोंकणांत निघाला म्हणजे हटकून हिंवाळा किंवा मे महिना गांठतो. आषाढांत समुद्रकांठीं जाणें म्हणजे पदरचे पैसे खर्चून भिजणें, असें त्याचें मत. रेवदंड्यापुरतें तरी हें मत सोडून द्यावें.

हें गांव बीडकरांना वाटतें तितकें परकें नाहीं. ज्या निजामशाहीच्या अंमलाखालीं एके काळीं बीड होतें, तिचेंच चौल हें बंदर. त्याच्या तोंडाशीं पोर्तुगीजांनीं १५२१ पासून बांधलेला कोट म्हणजे आजचें रेवदंडा. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानें त्याला वेढा घातला. महिनेच्या महिने झुंजूनही कोट पडला नाहीं. पुढें १५८० सालीं पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजाकडे गेलें, आणि १६४० पर्यंत कुंडलिकेच्या मुखावरील या कोटाचा धनी स्पेनचा राजा होता! त्याच काळांत, १५९४ सालीं, खाडीपलीकडील कोर्लईची टेकडीही निजामशाहीच्या हातून गेली. १७४० मध्यें दोन्ही ठिकाणें मराठ्यांस मिळालीं.

हंगामांत येणारे प्रवासी तट पाहतात, जुन्या चर्चचा सातखणी म्हणून ओळखला जाणारा भग्न मनोरा पाहतात व संध्याकाळीं परततात. पावसाळ्यांत तेथें दुसरेंच गांव दिसतें. जून-जुलैंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढून झांकलेल्या, पडवींत जाळीं दुरुस्त होत असलेलीं, तटाच्या दगडांवर शेवाळ. माणसें घरीं असतात आणि बोलावयास सवड असते.

खरें ऐकावयाचें तें मात्र कोर्लई गांवांत. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तेथील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून झालेली एक बोली अद्याप बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं! दख्खनी उर्दूंत मराठी मिसळलेली ऐकण्याची संवय असलेल्या बीडच्या माणसाला याचें नवल थोडें आणि कौतुक अधिक वाटेल.

ही बोली बोलणारीं माणसें हजाराच्या आसपास. मुलांची शाळा दुसऱ्या भाषेंत, पोटापाण्याचा व्यवहार मराठींत; बोलीला आसरा काय तो घराचा. तट ढासळला तर त्याचे दगड तरी जागेवर राहतात. आजीनें नातवाशीं बोलणें सोडलें, तर या बोलीचें कांहींच मागें राहणार नाहीं. आणि प्रवाशांची पुस्तकें मात्र बुरुज मोजण्यांतच पानें खर्च करतात.

अलिबागेहून रेवदंडा सुमारें १७ किलोमीटर. पुढें खाडीवरील पुलानें कोर्लई. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यांत जातात आणि पडव्या ओस पडतात. जाणाऱ्यानें त्यापूर्वींच जावें. छत्रीवर मात्र भिस्त ठेवूं नये. तेथील वारा ती पहिल्याच वळणावर उलटी करतो.