उपवासाचं ताट, परमुलखात



आषाढी एकादशी जवळ आली, की अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ओक ट्री रोडवर मराठी बोलणं जास्त कानावर पडू लागतं. एडिसन आणि आयसेलिन या गावांतून जाणारा हा रस्ता भारतीय दुकानांनी भरलेला आहे. त्या भागात मी काही वर्षं राहिले. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या किराणा दुकानात साबुदाण्याच्या पिशव्या भराभर संपतात. कुणी वरई शोधत असतं, तर कुणी राजगिऱ्याचं पीठ.

ही सोय आपोआप झालेली नाही. अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर भारतीय मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले. त्याआधीपासून न्यूयॉर्कमध्ये मसाले विकणारं एक दुकान होतं, कलुस्त्यान. ते 1944 साली सुरू केलं तुर्कस्तानातून आलेल्या एका आर्मेनियन माणसाने. पुढे 1974 मध्ये मफत आणि तुळशी पटेल या भावांनी शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर आपलं पहिलं दुकान उघडलं. आपल्या मराठी स्वयंपाकघराला तिथे पहिला आधार मिळाला तो असा इतरांकडून.

आता त्या उपवासाच्या ताटाकडेच बघू या. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, मिरची आणि रताळंही अमेरिका खंडातलीच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दींबरोबर ही पिकं आपल्याकडे येत गेली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या वारकऱ्याच्या शिदोरीत मिरची किंवा बटाटा असणं शक्यच नव्हतं. साबुदाणा तर पूर्वी मलायातून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे न्यू जर्सीत शिजणारी खिचडी एका अर्थाने आजोळीच आलेली असते.

हे एकदा ध्यानात आलं, की परदेशात घरचे जिन्नस शोधण्याची रीतच बदलते. एडिसनजवळच न्यू ब्रन्सविक हे शहर आहे. तिथे मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातून आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. मेक्सिकन दुकानात पाऊल टाकलं, की चिंच दिसते, कच्ची केळी दिसतात, उसाचा रस आटवून केलेले गुळाचे सुळके दिसतात. ‘आलेग्रिया’ नावाची एक वडी मिळते. फुलवलेला राजगिरा पाकात घालून ती थापतात. चव घेतली तर ती आपली राजगिऱ्याची चिक्कीच! मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करत. धान्य एकच, आणि दोन्हीकडे त्याची गाठ देवाशी बांधलेली.

सगळंच काही शेजाऱ्याकडे मिळत नाही. चिनी दुकानातले टॅपिओकाचे मोती दिसायला साबुदाण्यासारखे असले, तरी भिजवल्यावर तसे मोकळे होत नाहीत. कोकम, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि हापूस आपल्याकडूनच न्यावं लागतं. त्यातही हापूसची वाट फार बिकट होती. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला अनेक वर्षं दार बंद ठेवलं होतं. ते उघडलं 2007 साली. भाभा अणुसंशोधन केंद्राने नाशिक जिल्ह्यात लासलगावला एक विकिरण केंद्र उभारलं होतं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभ्या केलेल्या त्या केंद्रात आंब्याला किमान 400 ग्रे इतकी किरणांची मात्रा देण्यात आली आणि कोकणातला आंबा अमेरिकेत पोहोचला.

म्हणून परदेशी निघालेल्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. तिथल्या विमानतळावरचे नियम जाचक वाटले, तरी ते पाळा. बॅगेत कढीपत्त्याच्या ओल्या डहाळ्या लपवून नेऊ नका. संत्र्या-मोसंबीच्या झाडांना रोग लावणारी कीड कढीपत्त्यावरही जगते. आपल्या एका फोडणीपायी तिथल्या शेतकऱ्याची बाग धोक्यात येऊ शकते. विदर्भातल्या संत्रा बागाईतदाराला हे वेगळं सांगायला नको.

भारतीय दुकानदाराकडे कोकम नसेल, तर ते मागवायला सांगा. चार घरांनी मागितलं, की तो आणतो. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या मेक्सिकन, चिनी, फिलिपिनो दुकानांतही जरूर जा. तिथल्या बाईंना विचारा, हा कंद कसा शिजवता, ही पानं कशात घालता? त्यांना आपली खिचडी चाखायला द्या. आपल्या ताटातले कितीतरी जिन्नस त्यांच्यातल्याच काहींच्या पूर्वजांनी पिकवलेले आणि जपलेले आहेत. त्या माणसांशी ओळख झाली, की परक्या गावातही घरचा स्वयंपाक जमतो, आणि ते गाव परकं राहत नाही.