रोग्याचें दप्तर आणि न्यायासन

वैद्यापाशीं बोललेली गोष्ट वैद्यापाशींच राहावी, अशी प्रत्येक रोग्याची अपेक्षा असते. परंतु मधुमेहाची नोंद बाहेर फुटली तर मनुष्य फार तर ओशाळेल. हेरॉइनच्या व्यसनाची नोंद फुटली तर त्याची नोकरी जाईल, मुलांचा ताबा जाईल, कदाचित् तो स्वतः तुरुंगांत जाईल. हा रोगच असा कीं, त्याचीं लक्षणें वैद्यास सांगणें म्हणजे बहुधा गुन्हा कबूल करणें होय. म्हणून अमेरिकेंत या रोग्यांच्या दप्तरासाठीं इतरांहून निराळे आणि कडक नियम झाले.

१९७२ सालीं न्यूयॉर्क शहरांत एक खून झाला. तो पाहणाऱ्या एका स्त्रीनें सांगितलें कीं, मारेकऱ्यास आपण पूर्वीं मेथाडोनच्या दवाखान्यांत पाहिलें आहे. मेथाडोन म्हणजे हेरॉइनची ओढ शमविण्यासाठीं दिलें जाणारें औषध. त्या दवाखान्यांतून रोग्यांचीं छायाचित्रें ठेवलेलीं असत. सरकारी वकिलानें २१ ते ३५ वर्षांच्या कृष्णवर्णी पुरुष रोग्यांचीं छायाचित्रें मागितलीं. एका संशयितासाठीं इतक्या निरपराध्यांचे चेहरे! योजनेचे संचालक डॉ. रॉबर्ट न्यूमन यांनीं तीं देण्याचें नाकारलें. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांस तुरुंगवासाची शिक्षा झाली. परंतु १९७३ सालीं त्या राज्याच्या वरिष्ठ अपील कोर्टानें ती रद्द केली. १९७० च्या कायद्यानें दिलेलें गुप्ततेचें अभय १९७२ च्या कायद्यानें काढून घेतलेलें नाहीं, असा निवाडा झाला.

मग मृताच्या आप्तांनीं दाद कोठें मागावी? हा प्रश्न आपल्या मनांत आला असेल, आणि तो रास्त आहे. मला स्वतःला डॉक्टरांची बाजू पटते. कारण तीं छायाचित्रें पोलिसचौकींत गेल्याची वार्ता पसरली असती, तर दुसऱ्या दिवशीं किती रोगी दवाखान्याची पायरी चढले असते? तरीही ही बाजू घेतांना मन निःशंक राहात नाहीं, हें खरें.

१९७५ सालीं निघालेल्या सविस्तर नियमांनीं न्यायाधीशास तराजू हातीं घेण्यास सांगितलें. सरकारी साहाय्य घेणाऱ्या व्यसनोपचाराच्या संस्थेस नुसतें समन्स आलें म्हणून दप्तर उघडतां येत नाहीं. त्यासोबत न्यायाधीशाचा खास हुकूम लागतो. रोग्यावरच खटला भरावयाचा असेल, तर गुन्हा खून, बलात्कार, सशस्त्र दरोडा यांसारखा अत्यंत गंभीर हवा. रोग्याच्या जिवावर बेतलें असतां डॉक्टरास माहिती देतां येते, आणि बालकाच्या छळाची वर्दीही देतां येते. एरवीं रोग्याची लेखी संमति पाहिजे.

या कडकपणाची दुसरी बाजूही दिसूं लागली. एका दवाखान्यांत व्यसनाचा उपचार घेणारा रोगी दुसरीकडे शस्त्रक्रियेसाठीं गेला, तर तेथील डॉक्टरास त्याचा पूर्वेतिहास कळेना. अजाणतां अफूच्या वर्गांतीलच वेदनाशामक दिलें जाण्याचा धोका उरला. २०२० सालीं अमेरिकन काँग्रेसनें कायदा बदलला आणि २०२४ सालीं त्यानुसार नवे नियम झाले. उपचार व त्याचें देयक यांसाठीं आतां एकदां दिलेली संमति पुढेंही चालते. मात्र रोग्याविरुद्धच्या कज्जांत या दप्तराचा उपयोग करण्याची बंदी अधिक पक्की करण्यांत आली. डॉक्टरांकडचें दार सैल झालें आणि कोर्टाकडचें घट्ट झालें. ही वांटणी मला योग्य वाटते.

आपल्या कित्येक घरांतलीं मुलें आज अमेरिकेंत शिकत आहेत. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. सज्ञान मुलगा अशा संस्थेंत असल्याची कुणकुण लागून आईनें येथून दूरध्वनि केला, तर तिला उत्तर मिळेल कीं, अमुक मनुष्य आमच्याकडे आहे किंवा नाहीं, हेंही आम्ही सांगूं शकत नाहीं. हा उर्मटपणा नव्हे. 'आहे' म्हटलें कीं तो व्यसनाचा रोगी असल्याचें उघड होतें, आणि दूरध्वनीवर आई बोलते कीं नोकरीचा मालक, हें कारकुनास कळावयाचें कसें? मुलानेंच संमतिपत्रावर आईचें नांव लिहावें लागतें, आणि तें त्यास वाटेल तेव्हां काढूनही घेतां येतें.