लाल गोळी पोटात जाईपर्यंत



 रक्तक्षयावर बोलायला मुंबईतल्या परळहून योग्य जागा नाही. १९२८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स इथल्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त त्यांनी तपासलं, त्यांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. यीस्टचा अर्क दिल्यावर या बायकांचा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे त्यातूनच फॉलिक ॲसिडचा शोध लागला. आपल्या लाल गोळीत लोहाच्या जोडीला तेच असतं.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. आधीच्या पाहणीत ती ५३.८ टक्के होती. बोटाच्या थेंबावरच्या मोजणीवर शंका घेणारे इथेही असतील. घ्या खुशाल! पण त्या शंकेपायी आकडा थोडा खाली धरला, तरी झोप लागावी असं नाही.

बाळ आपला लोहाचा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं. तो जेमतेम सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच. लोह कमी पडलं की शरीर आधी तांबड्या पेशींची गरज भागवतं, मेंदूला उरलंसुरलं मिळतं. म्हणजे हिमोग्लोबिन घसरायच्या आधीच स्मरणशक्तीच्या, लक्ष देण्याच्या जडणघडणीला धक्का बसलेला असतो. नंतर औषधाने रक्त भरून येतं. हुकलेलं सगळंच भरून येतं असं नाही.

आपण मात्र गरोदर बायकांना गोळ्या वाटल्याची नोंद करतो आणि मोकळे होतो. मळमळतं, शौचाला काळं होतं, ‘बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडेल’ असं सासूबाई म्हणतात, आणि पाकीट फडताळात राहतं. यावर कसं बोलायचं, हे आम्हा डॉक्टरांपेक्षा आशाताईंना जास्त कळतं. म्हणून यंदा परिषदेचं पहिलं सत्र त्यांचं ठेवलं आहे. मोठ्या वक्त्यांनी रागावू नये.

एक सूचना. जेवणाबरोबर चहा मिळणार नाही. चहामुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, हे आपणच सांगत फिरतो. तासाभराने मिळेल, आल्याचा. लिंबू मात्र प्रत्येक ताटात आहे.

उद्घाटकांना विनंती करतो, त्यांनी दीपप्रज्वलन करावं.