पक्ष्यांमागें दोघांची भ्रमंती

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तर भागांत, दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेच्या समोर एक तळें आहे. मोगलांच्या अमदानींत त्याला खिजिरी तलाव म्हणत. आज तें सलीम अली सरोवर म्हणून ओळखलें जातें. सकाळीं फिरावयास निघालेलीं माणसें कांठाशीं घटकाभर थांबतात, पाण्यावरचे बगळे पाहतात आणि पुढें चालूं लागतात. ज्यांचें नांव या पाण्याला मिळालें त्यांचा या मुलुखाशीं संबंध काय, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाहीं. संबंध आहे, परंतु त्याची हकीकत येथें सुरू होत नाहीं. ती सुरू होते कोंकणच्या किनाऱ्यावर, आणि तिच्यांत माणूस एक नाहीं, दोन आहेत.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, 12 नोव्हेंबर 1896 चा. त्यांच्या बालपणीची पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असल्यामुळें तिच्यावर वेळ घालविण्याचें कारण नाहीं. तरुणपणीं घरच्या व्यवसायासाठीं ते ब्रह्मदेशांत राहिले. 1918 च्या डिसेंबरांत तेहमिना बेगमांशीं त्यांचा विवाह झाला. 1926 सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें प्रेक्षकांना प्राणिसृष्टीचा विभाग समजावून सांगण्याची जागा त्यांना दरमहा 350 रुपयांवर मिळाली. दोन वर्षांनीं रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखालीं शिकले. विद्या घेऊन 1930 सालीं परत येतात तों जागाच उरलेली नव्हती. पैशाअभावीं ती रद्द झाली होती.

वय तेहेतीस वर्षांचें, पदरीं पत्नी, जगभर मंदी. अशा वेळीं शहाणा गृहस्थ काय करील? एखाद्या पेढींत वशिला लावील, हिशेबाच्या वह्या पुढें ओढील आणि पक्ष्यांना रविवारपुरतें ठेवील. सलीम अलींनाही व्यापाराचें शिक्षण मिळालेलें होतें. तो मार्ग त्यांना अगदींच बंद नव्हता. तो त्यांनीं धरला नाहीं, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत कौतुकानें सांगितली जाते. परंतु असा निर्णय एकट्यानें घेतां येत नाहीं. संसार दोघांचा असतो. मिळकत थांबली म्हणजे तिची झळ स्वयंपाकघराला आधीं लागते. तेहमिना बेगम इंग्लंडांत शिकलेल्या होत्या, शहरी राहणी त्यांच्या अंगवळणीं पडलेली होती. त्यांनीं नाहीं म्हटलें असतें तर त्यांना दोष देणारा कोणी भेटला नसता. त्या नाहीं म्हणाल्या नाहींत. दोघें मुंबई सोडून किहीमला राहावयास गेलीं.

किहीम हें अलिबागच्या उत्तरेचें समुद्रकांठचें खेडें. तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत तें मोडे. आज त्याच जिल्ह्याला रायगड म्हणतात. लांबच लांब पुळण, तिच्या मागें माडांच्या वाड्या, वाड्यांमागें भाताचीं खाचरें. मुंबईचीं बिऱ्हाडें सुटी घालविण्यासाठीं अशा गांवीं जातात आणि आठ दिवसांनीं कंटाळून परततात. या दोघांना सुटीच सुटी होती, आणि कंटाळा यावयास वेळ नव्हता. कारण घराच्या जवळच सुगरण पक्ष्यांनीं आपली वसाहत थाटलेली होती.

सुगरणीचें घरटें कोणी पाहिलेलें नाहीं? काटेरी झाडाच्या किंवा ताडामाडाच्या शेंड्याशीं लोंबणारी ती विणलेली सुरई कित्येक घरांत शोभेसाठीं टांगलेली असते. पण तें घरटें विणतो कोण आणि त्यांत नांदतो कोण, हें पक्क्या नजरेनें कोणी तपासलेलें नव्हतें. जोडीनें घरटें बांधावें आणि जोडीनें पिलें वाढवावीं, असेंच लोक धरून चालत. सलीम अली पावसाळ्याच्या दिवसांत त्या झाडाशीं तासन्‌तास बसून राहिले आणि त्यांना दिसलें तें निराळेंच. गवताचे आणि माडाच्या पात्यांचे धागे काढून घरटें विणतो तो नर. शिरस्त्राणासारखें अर्धें घरटें झालें कीं वसाहतींत माद्यांची फेरी येते. त्या घरट्यांत शिरतात, आंतबाहेर पाहतात, पसंत नसेल तर सरळ निघून जातात. एखादीला तें आवडलें कीं ती तेथें ठाण मांडते. मग नर खालचा बोगदा विणून काम पुरें करतो. ती अंडीं घालते, तीं उबविते, आणि हे महाराज शेजारच्या फांदीवर नव्या घरट्याचा पहिला धागा बांधावयास निघून गेलेले असतात. तेथें दुसरी मादी येते. एका हंगामांत एकामागून एक असे त्याचे अनेक संसार मांडले जातात. हा निबंध 1930–31 च्या सुमारास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळें सलीम अलींचें नांव जाणत्यांच्या तोंडीं आलें.

मराठीनें या पक्ष्याला दिलेलें नांव या ठिकाणीं जरा विचारांत पाडतें. सुगरण म्हणजे हाताला गुण असलेली गृहिणी. विणकाम बहुतेक सगळें नराचें, आणि नांव मात्र स्त्रीचें! पक्ष्यांच्या बाबतींत आपल्या भाषेनें ही उदारता दाखविली. माणसांच्या बाबतींत हिशेब बहुधा उलट असतो, आणि या दांपत्याच्या पुढील प्रवासांत तो उलटाच झालेला दिसतो.

किहीमनंतर कांहीं महिने निलगिरींतील कोटागिरीस गेले. त्याच सुमारास एक कल्पना आकारास आली. हिंदुस्थानांतील बऱ्याच संस्थानांच्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेलीच नव्हती. सलीम अलींनीं तयारी दाखविली ती अशी कीं, प्रवासाचा आणि छावणीचा खर्च मिळावा, स्वतःच्या कामाचा मोबदला नको. पहिलें संस्थान मिळालें तें निजामाचें. 1931–32 मध्यें हैदराबाद राज्याची पाहणी झाली. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, तेव्हां त्याच राज्यांत होतें; तळ्याचा आणि नांवाचा धागा येथें जुळतो.

या पाहण्यांत तेहमिना बेगम सोबत असत. सोबत असणें म्हणजे काय, हें नीट समजावयास हवें. पक्षिशास्त्राची पाहणी त्या काळीं दुर्बिणीनें अर्धी आणि बंदुकीनें अर्धी होत असे. नमुन्यासाठीं पक्षी टिपावा लागे. आजच्या वाचकाला हें टोंचेल, आणि टोंचणें योग्यही आहे. परंतु कोणत्या प्रांतांत कोणती जात आणि तिच्यांत रंगारूपाचा काय भेद, हें ठरविण्याचें दुसरें साधन त्या दिवसांत नव्हतें. टिपलेला पक्षी उष्ण हवेंत तासाभरांत खराब होऊं लागे. म्हणून त्याच दिवशीं त्याचें कातडें सोलावें, सोमलाच्या लेपानें तें टिकाऊ करावें, आंत कापूस भरावा, मापें घ्यावीं आणि पायाला चिठ्ठी बांधावी. तिच्यावर स्थळ, तारीख, नर कीं मादी, डोळ्यांचा रंग. पहांटेपासून कंदील लागेपर्यंत हाच क्रम. छावणी चार दिवस एका गांवीं, मग गाडीवर सामान लादून पुढच्या गांवीं. अशा फिरत्या संसारांत रोज तिन्हीत्रिकाळ अन्नपाणी वेळेवर असणें, हिंवतापाच्या मुलुखांत माणसें उभीं राहणें, आणि काम करणाऱ्याचें मन घरच्या चिंतेनें मागें न ओढलें जाणें, याला पाहणीच्या अहवालांत रकाना नसतो. आणखी एक काम होतें. अलींचें इंग्रजी पुढें फार वाखाणलें गेलें; तें सुधारण्यांत तेहमिनेचा हात होता, असें त्यांनीं स्वतः सांगून ठेविलें आहे.

1933 सालीं दोघें पुन्हा समुद्राच्या बाजूला उतरलीं, या खेपेस पार दक्षिणेला. त्रावणकोर आणि कोचीन या दोन संस्थानांची ती पाहणी. या किनाऱ्याची रचना कोंकणच्या माणसाला ओळखीची वाटेल, पण सगळें अधिक दाट आणि अधिक जवळजवळ. समुद्र, त्यामागें खाऱ्या पाण्याचे तलाव आणि कालवे, माडांच्या राया, भातशेती, मग एकदम डोंगर. आणि डोंगर तरी केवढे, अनैमुडीचें शिखर 2,695 मीटर उंच. किनाऱ्यापासून शिखरांपर्यंतचें अंतर मात्र शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर. एवढ्याशा पट्ट्यांत पाणपक्ष्यांपासून डोंगरी कस्तुरांपर्यंत सगळे भेटतात. पाहणीची सुरुवात डोंगरापलीकडच्या पर्जन्यछायेंतील मरयूरला झाली. पेरियार नदीकांठचें तट्टेकाड त्यांना असें भावलें कीं पक्ष्यांच्या समृद्धींत त्याच्या तोडीचें स्थळ दक्षिणेंत त्यांनीं दुसरें मानलें नाहीं. पुढें पन्नास वर्षांनीं, 1983 मध्यें, तेथें अभयारण्य झालें आणि त्यालाही सलीम अलींचेंच नांव लागलें. कोचीनच्या जंगलांत लांकूड वाहण्यासाठीं संस्थानानें ट्राम घातलेली होती. त्या ट्रामच्या वाटेवरील कुरियारकुट्टी हेंही त्यांच्या मुक्कामाचें ठिकाण होतें. असलीं स्थळें पाहावयास आज लोक पैसे मोजून जातात. या दोघांनीं तीं कामाच्या ओघांत पाहिलीं, आणि त्यांतला आनंद कांहीं कमी नव्हता. काम आणि सहल यांच्यांत भिंत असतेच असें नाहीं. ती बहुधा पगाराच्या तारखेनें उभी राहते, आणि यांना पगार नव्हता!

जमविलेले नमुने तपासण्याचें काम इंग्लंडांत ह्यू व्हिसलर करीत. हे पंजाबांतील निवृत्त पोलीस अधिकारी आणि हिंदी पक्ष्यांचे मोठे जाणकार. आरंभीं हा अनोळखी तरुण आपल्या लिखाणांतील चूक दाखवितो म्हणून ते चिडले होते. नमुने पुन्हा पाहून चूक कबूल केली आणि मग स्नेही झाले. 1934 सालीं व्हिसलर आणि किनियर यांनीं नैर्ऋत्य किनाऱ्याकडील सोनेरी पाठीच्या सुतार पक्ष्याचा एक निराळा उपप्रकार नोंदला. पाठ किंचित् अधिक हिरवट, काळ्या गळ्यावर बारीक ठिपके. त्या उपप्रकाराला त्यांनीं तेहमिना बेगमांचें नांव दिलें.

1939 सालीं एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना बेगम वारल्या. लग्नाला एकवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. सलीम अलींनीं आपलें बिऱ्हाड मोडलें आणि ते बहिणीच्या घरीं राहूं लागले. काम त्यांनीं सोडलें नाहीं. हिंदी पक्ष्यांवरील त्यांचें सर्वांत खपलेलें पुस्तक 1941 मध्यें निघालें. त्रावणकोर-कोचीनच्या पक्ष्यांचा ग्रंथ 1953 मध्यें. दोन्हींच्या वेळीं हस्तलिखित वाचून वाक्य सुधारणारें माणूस घरांत नव्हतें. आत्मचरित्र आलें 1985 सालीं, आणि 1987 च्या जूनमध्यें, नव्वदी ओलांडून, ते गेले. तळीं, अभयारण्यें, संस्था, इतकेंच काय पण दक्षिणेंतील एक दुर्मीळ वटवाघूळसुद्धां त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

केरळच्या किनाऱ्यावर माडांच्या बागेंत सकाळच्या प्रहरीं तो सुतार पक्षी आजही दिसतो. खोडाला बिलगून तो वर सरकतो, थांबतो, टकटक करतो, आणि कोणी जवळ आलेंसें वाटलें कीं खोडाच्या पलीकडल्या बाजूस होतो. त्याच्या शास्त्रीय नांवांतला तिसरा शब्द ‘तेहमिनी’ असा आहे.