आपली गणती आपल्या हाती
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील भाषण)



शहरी गरिबांच्या संघटनाशी गावच्या पंचायतीचा संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. संबंध निकटचा आहे. मुंबईच्या पदपथावर संसार मांडणारी बहुतेक कुटुंबे कोणत्या ना कोणत्या गावच्या शिवारातून निघालेली असतात. गावाच्या दप्तरातून त्यांचे नाव पुसले जाते आणि शहराच्या दप्तरात ते चढत नाही. अशा माणसांनी आपली नोंद आपणच कशी केली, हे मला आज सांगावयाचे आहे.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटवून रहिवाशांना त्यांच्या मूळ ठिकाणी परत पाठविण्याचे शासनाने जाहीर केले. त्याविरुद्ध काही रहिवासी, पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. परंतु पदपथ मोकळे करण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही कायम ठेवला. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना अभय मिळाले. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही निकालात म्हटले होते. मात्र त्या गणनेत पदपथांवरील बहुतांश कुटुंबे आलीच नव्हती. म्हणजे ज्याचे नाव कागदावर, त्यालाच जागेची आशा!

भायखळा परिसरातील पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांसमवेत 'स्पार्क' ही संस्था १९८४ पासून काम करीत होती. या स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी मोर्चाआधी वही हाती घेतली. १९८५ मध्ये सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी झाली. मूळ गाव कोणते, शहरात येऊन किती वर्षे झाली, काम कोणते, मिळकत किती, हे सारे लिहिले गेले. 'वुई, द इनव्हिजिबल' या नावाने तो अहवाल प्रसिद्ध झाला. पदपथावर राहणारा म्हणजे उपटसुंभ किंवा भिकारी, हा समज त्या आकड्यांपुढे टिकला नाही. हे कष्टकरी लोक होते. कामाच्या ठिकाणी पायी जाता यावे, म्हणून ते तेथे राहत होते.

पुढे १९८६ मध्ये या स्त्रियांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. तिचा पाया होता रोजची बचत. सभासद स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून त्यांनी रंगीत कागदांची युक्ती योजली. प्रत्येक रकमेला एक रंग आणि प्रत्येक सभासदाची एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीतील कागद मोजले की हिशेब तयार. एक-दोन रुपये गोळा करण्यासाठी एक स्त्री रोज दारोदार जाई, आणि पैशाबरोबर आजारपण, भांडण, महापालिकेची नोटीस अशा साऱ्या वार्ताही गोळा करी. सभा महिन्यातून एकदा भरते. बचत रोज भेट घडविते. संघटन यातूनच घडते.

याच सुमारास जोकिन अर्पुथम यांनी सत्तरच्या दशकात स्थापन केलेला झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्यांच्यासोबत आला. जोकिन मानखुर्दच्या जनता कॉलनीतील रहिवासी. ती वस्ती १९७६ मध्ये उठविण्यात आली होती. पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कामाचे फळ शासनाच्या योजनांतही दिसले. मुंबईतील रेल्वेमार्गालगतच्या वस्त्यांतील सुमारे ६०,००० लोकांचे स्थलांतर झाले, तेव्हा घरांची गणना आणि याद्यांची तपासणी यांत रहिवाशांच्या संघटनांचा वाटा होता. पुण्यात १९९९ ते २००१ या काळात महानगरपालिकेने ४०० हून अधिक सार्वजनिक शौचालये बांधली. त्यांपैकी अनेकांच्या आराखड्यात वस्तीतील स्त्रियांचा शब्द होता. मुलांसाठी वेगळी छोटी शौचकूपे असावीत, स्त्रियांचे प्रवेशद्वार निराळे असावे, देखभाल करणाऱ्या कुटुंबाला तेथेच खोली असावी, या सूचना रांगेत उभे राहिलेल्या माणसालाच सुचतात.

याचा अर्थ सर्व काही साधले, असा नाही. पुनर्वसनाच्या अनेक इमारती कामाच्या ठिकाणापासून दूर पडल्या. उद्वाहन, पाणी आणि देखभाल यांच्या तक्रारी तेथे राहिल्या. यादीत नाव लागणे ही न्यायाची पहिली पायरी आहे, अखेरची नव्हे.

मी माहिती अधिकारी आहे. शासनाची माहिती लोकांपर्यंत नेणे, एवढेच आपले काम, असे मी अनेक वर्षे समजत आलो. भायखळ्याच्या स्त्रियांची हकीकत अभ्यासताना ध्यानी आले, की माहितीचा प्रवाह उलटही वाहू शकतो, आणि पुष्कळदा तोच अधिक विश्वसनीय असतो.

म्हणून अधिकारी मित्रांना माझी विनंती, की वस्तीने स्वतः केलेली यादी समोर आली तर ती बाजूला सारू नका. आपल्या यादीशी ताडून पाहा. जेथे तफावत दिसेल, तेथे रहिवाशांसमवेत जाऊन पाहणी करा. शिक्षकांनी वस्तीतील एखाद्या भगिनीला हिशेबाची वही ठेवण्यास शिकवावे. आणि पंचायत सदस्यांनी गाव सोडून गेलेल्या कुटुंबाला त्याचे कागदपत्र सांभाळून द्यावेत, कारण शहरात पाऊल टाकताच त्याला पहिला प्रश्न कागदाचाच विचारला जातो.

गरीब माणूस मदतीची वाट पाहत बसलेला असतो, हा आपला ग्रह आहे. तो आपला हिशेब रोज करीतच असतो. त्या हिशेबाला आपल्या दप्तरात जागा मिळावी, एवढेच आपल्यापुढे मांडून मी रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.