पंप खिशात, सूज छातीत

(वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



आज मी साहित्यावर बोलणार नाही आणि निवडणुकीवरही नाही. श्वासावर बोलणार आहे. श्वास फुकट मिळतो असं आपण समजतो. रात्री दोन वाजता उशीला टेकून, गुडघ्यावर हात रोवून बसलेल्या दमेकऱ्याला विचारा. तो सांगेल फुकट काय असतं ते.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या खिडकीमागं बसणारा माणूस आहे. खिडकीतून तोंडं कमी दिसतात, हात जास्त दिसतात. झाडूनं घट्टे पडलेले हात. सिमेंटनं फाटलेले हात. भंगार निवडणारे, रिक्षाचं हँडल धरणारे हात. आणि बऱ्याच हातांची एकच मागणी असते, 'तो निळा पंप द्या.' बस्स. दुसरं काही नको. का नको, तेच आज मांडायचं आहे. कारण हा पंप जीव वाचवतो हे खरं, आणि फक्त त्याच्यावर विसंबलेला माणूस पंप हातात धरून मरतो, हेही खरं.

आधी दमा म्हणजे काय ते बघू. फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या असतात. दम्यात तीन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात. नळीचं आतलं अस्तर सुजतं. आणि आत चिकट बेडका साठतो. म्हणून छातीत सूं-सूं वाजतं, धाप लागते, खोकल्याची उबळ येते.

निळ्या पंपात साल्ब्युटामॉल नावाचं औषध असतं, नाहीतर त्याचाच भाऊ लेव्होसाल्ब्युटामॉल. ते काय करतं? आवळलेला स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत मोकळं वाटतं आणि चार-सहा तास टिकतं. पण सूज? सुजेला ते हातही लावत नाही. झोपडीत आग लागली आणि आपण नुसती खिडकी उघडली, तसं हे. धूर बाहेर जातो, डोळ्याची आग थांबते, आणि मागं वासा जळतच असतो. सूज उतरवणारं औषध वेगळं आहे. ते दुसऱ्या पंपात मिळतं, त्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं. ते घेतल्याबरोबर काही वाटत नाही. रोज घ्यावं लागतं, आठवड्यांनी फरक कळतो. आता सांगा, ज्याला आजची हजेरी बुडवायची नाही, तो कोणता पंप मागेल? पाच मिनिटांतला की चार आठवड्यांतला? म्हणजे हा नुसता अडाणीपणाचा प्रश्न नाही. रोजंदारीचा प्रश्न आहे.

पंपाचा इतिहासही ऐका. १९५५ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या अध्यक्षाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं बापाला विचारलं, माझं औषध केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यात का येत नाही? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, खिशात मावणारा पंप बाजारात आला. बापाच्या हातात कारखाना असला की पोरीचा प्रश्न वर्षभरात सुटतो. त्यानंतर साठच्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये आयसोप्रिनलिनचे जोरदार पंप दुकानात सहज मिळू लागले, आणि दम्यानं मरणारे, त्यातही तरुण, एकाएकी वाढले. १९६७ मध्ये डॉक्टरांना इशारा गेला, १९६८ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली, मृत्यू उतरले. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आलं. ते जास्त सुरक्षित होतं, आजही आहे. पण १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाच्या दुसऱ्या जोरदार पंपानं तीच गोष्ट पुन्हा घडवली. १९८९ नंतर त्याच्यावर लगाम आला आणि तिथंही मृत्यू घटले.

हे झालं जुनं. आता अलीकडचं. २०१४ साली ब्रिटननं दम्याच्या १९५ मृत्यूंची एकेक करून तपासणी केली. ज्यांच्या आराम-पंपाचा हिशेब मिळाला त्यांच्यापैकी ३९ टक्के माणसांना मरण्याआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप दिले गेले होते. आणि जवळजवळ निम्मे मदत मागण्याआधी किंवा मदत पोचण्याआधीच गेले. मोफत दवाखान्याच्या देशात ही गत! मग आपल्याकडं? २०१९ च्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानं जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त. रोग तेरा टक्के, मरण चाळीस टक्के. मधला फरक कुठल्या जंतूनं केला? तो फरक न मिळालेल्या दुसऱ्या पंपाचा आहे.

२०१९ मध्येच 'जिना' या जागतिक दमा-तज्ज्ञांच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं, की बारा वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. सुजेचं औषध हवंच. आता तर ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आहे. डॉक्टरनं तसं लिहून दिलं तर दम लागल्यावरही तोच ओढता येतो. मोकळंही वाटतं आणि सुजेवरही काम होतं. लहान पोरांचं गणित वेगळं, ते डॉक्टरलाच विचारा.

तेव्हा हिशेब ठेवा. एका पंपात बहुधा २०० फवारे असतात. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागतो? दमा ताब्यात नाही. वर्षात तीन पंप संपले? धोक्याची घंटा. महिन्याला एक संपतो? मग मरणाची शक्यता वाढली, उद्याच डॉक्टर गाठा. पण एक लक्षात घ्या. हे ऐकून निळा पंप फेकून देऊ नका. तो खिशात पाहिजेच. त्याला साथीदार द्यायचा आहे.

आता पंप ओढायची रीत. बहुतेक जण चुकीचा ओढतात, आणि औषध घशाला चिकटून राहतं. टोपण काढा. आत कचरा नाही ना बघा. हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-तीन फवारे हवेत सोडा. श्वास पूर्ण बाहेर टाका. ओठ घट्ट मिटा. हळू आत ओढायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. ओढतच राहा. दहापर्यंत मोजत श्वास रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. कॅप्सूल फिरवून ओढायचं यंत्र असेल तर उलटी रीत, तिथं जोरात आणि झटक्यात ओढायचं. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते! स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते. निळ्या पंपानं हात थरथरतात, छाती धडधडते, ते थोड्या वेळानं जातं. रंगावर जाऊ नका, नाव वाचा.

पोरांना आणि म्हाताऱ्यांना दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नाही. त्यासाठी पंपाला लावायचं नळकांडं मिळतं, स्पेसर म्हणतात. ते नसलं तर अर्ध्या लिटरची थंड पेयाची बाटली घ्या. धुऊन वाळवा. बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप घट्ट बसवून फट चिकटवा, आणि बाटलीच्या तोंडानं श्वास घ्या. हा जुगाड समजू नका. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दमेकरी पोरांवर तपासून दाखवलं, की अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. गरिबाची बाटलीही विज्ञान असते.

दमा उसळला तर काय? ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मास्तरांनाही शिकवतात तो चारचा नियम पाठ करा. माणसाला ताठ बसवा, आडवा करू नका. स्पेसरमधून एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नाही? पुन्हा चार. तरी नाही? १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार चालू ठेवा. आणि वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडले, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, माणूस पेंगायला लागला, किंवा छातीतला आवाज एकदम बंद होऊन धाप तशीच राहिली, तर नियमाची वाट बघू नका. फोन आधी, फवारे लगेच. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं नव्हे. हवाच आत जात नाही, म्हणून आवाज नाही.

प्रत्येक धाप दमाच असते असंही नाही. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासा, टीबी असेल. विडीनं, चुलीच्या धुरानं झिजलेलं फुप्फुस वेगळं, दुबळं हृदय वेगळं. शेजाऱ्याचा पंप उसना घेऊन रोग कळत नाही.

आणि आपल्या डोक्यातला कचरा. 'पंपाची सवय लागते.' 'पंप म्हणजे शेवटची पायरी.' खोटं! त्याच रोगाची गोळी अख्ख्या अंगात फिरते, पंपातलं औषध मोजकं आणि थेट छातीत जातं. तरी आपण सुई मागतो, मृगाला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळतो, कोजागिरीला खिरीतून औषध खातो, पण पंप लपवतो. सगळ्यात जास्त पोरी लपवतात. लग्न मोडेल म्हणून पदराआड ओढतात, दिवस गेले की घरचे पंप काढून घेतात. अरे, गरोदरपणात न आवरलेला दमा बाळाला घातक, पंप नव्हे. पोरीचा पंप लपवायला लावणारा समाज तिचा गळाच दाबतो.

आता शेवटचं. छाती सुजते कशानं? जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग ग्राउंड पेटलं, मुंबईवर धूर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा शहराला कळलं की कचरा जळतो. शेजारच्या गोवंडीला ते आधीच ठाऊक होतं. माहुलच्या हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे हरित लवादानं २०१५ मध्ये म्हटलं, आणि तरी पाइपलाइनवरची घरं पाडून माणसं तिथंच नेऊन टाकली. रस्ता कोण झाडतं? त्या धुळीला जात विचारता येत नाही, पण झाडू कुणाच्या हातात दिला हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून दोन कामं. पहिलं, वस्तीत घरोघर जा, निळा पंप कुणाकडं आहे, महिन्याला किती लागतात, ओढतात कसा, विचारा. ज्याच्याकडं दुसरा पंप नाही त्याला हात धरून दवाखान्यात न्या. दुसरं, देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत साल्ब्युटामॉलसोबत ब्युडेसोनाइडचा पंप आहे, जोडीचाही आहे. यादीत आहे तर खिडकीत का नाही, हे विचारा. लेखी विचारा, घोळक्यानं विचारा. मी खिडकीच्या आत बसतो म्हणून सांगतो. एकटा हात आला तर 'संपलंय' म्हणून परत पाठवता येतं. शंभर हात आले की मागणीपत्र वर जातं.