जुन्या तसबिरींचा जीर्णोद्धार

(अखंड हरिनाम सप्ताहात सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



स्मरणिकेत गावातील जुन्या घराण्यांचे फोटो छापावयाचे ठरले आणि ते दुरुस्त करून रंगविण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. मी तहसील कार्यालयातील कारकून. कार्यालयातले जुने अभिलेख स्कॅन होऊ लागले तेव्हा या कामाची तोंडओळख झाली आणि पुढे रात्री जेवणानंतर घरी बसून संगणकावर हात बसविला. तेव्हा शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. करता करता जे कळले तेवढे सांगतो. शिवाय काही घरांतून थोडी नाराजी माझ्या कानांवर आली आहे, तिचाही खुलासा व्हावा.

आमच्याकडे एक रीत आहे. सात-बाराला नवे नाव लागले म्हणून जुने नाव कोणी खरडून काढीत नाही. त्याला पूर्वी कंस होत असे, फेरफाराचा क्रमांक पडतो आणि जुने नाव वाचता येईल असेच राहते. फोटोलाही मी तोच कायदा लावला. मूळ फोटो स्कॅन करून घरधन्याच्या हाती परत द्यायचा. त्यावर बोटसुद्धा फिरवायचे नाही. स्कॅन इंचाला निदान ६०० ठिपक्यांचा, फोटो चिमुकला असेल तर १२०० चा. मग जे काही करायचे ते नकलेवर, आणि तेही वेगळ्या पदरावर. संगणकात ट्रेसिंगच्या कागदासारखे एकावर एक पदर ठेवता येतात. वरचा उचलला की खालचे अस्सल जसेच्या तसे. हे काम करणारा फोटोशॉप हा प्रोग्राम १९९० साली बाजारात आला, त्याला पैसे मोजावे लागतात. जिंप नावाचा दुसरा आहे, तो फुकट मिळतो. माझे सारे काम त्यावरच चालते.

चिरा, घडीच्या रेघा, कसरीने खाल्लेली भोके बुजविणे हे गवंडीकाम आहे. शेजारचा चांगला तुकडा उचलून भोकावर बसवायचा, सांधा दिसणार नाही असा. भिंत, आभाळ, सदऱ्याची बाही असेल तर तासाभरात होते. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

खरी अडचण रंगाची. आपल्यापैकी पुष्कळांनी ‘मुगल-ए-आझम’ पाहिला असेल. १९६० चा तो चित्रपट, थोडा भाग मूळचाच रंगीत, बाकी कृष्णधवल. २००४ साली सगळाच रंगीत होऊन पुन्हा लागला. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांना जे करावे लागले ते आता मोबाईलवर मिनिटात होते. पण यंत्र ते कसे करते? त्याला लाखो रंगीत फोटो दाखविलेले असतात, त्यावरून ते अदमास बांधते. आभाळ निळे, गवत हिरवे, कातडी गव्हाळ, इथपर्यंत अदमास चालतो. लुगड्यापाशी तो अडतो. कृष्णधवल फोटोत डाळिंबी आणि मोरपंखी हे दोन्ही रंग सारखेच करडे उठू शकतात. मग यंत्र कोणाचे मन न दुखविणारा मातकट रंग देऊन मोकळे होते. आपल्या आज्या-पणज्या सगळ्या मातकट लुगडी नेसत होत्या काय? इरकलीचा तांबडा-पांढरा टोपपदर, चंद्रकळेचे लाल काठ यंत्राला कोठून ठाऊक असणार?

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. फार जुन्या काचांना आणि फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. लाल वस्तू काळी उठे आणि निळी पांढरट. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवरच्या मसाल्यात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखविण्याची युक्ती काढली, पण तांबड्याची उणीव पुढेही बरीच वर्षे राहिली. आता पाहा, गावातील सर्वांत जुन्या फोटोत एका मालकिणीच्या कपाळावर काळी आडवी चिरी आहे. ते कुंकू आहे. यंत्राने तो डाग समजून साफ पुसला. हनुवटीवरचे गोंदणही पुसले. चेहरा उजळ केला आणि सवाशिणीचे कपाळ पांढरे केले! त्या दिवसापासून चेहऱ्याचे काम मी यंत्रावर सोडीत नाही. हाताने करतो. एका चेहऱ्याला दोन-तीन रात्री जातात.

काही रंग मात्र विचारून नव्हे, तर पाहून ठरविता येतात. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एका जवानाच्या फोटोत छातीवर चांदणीचे पदक आहे. घरच्यांनी पेटीतून तेच पदक काढून दिले. १९३९ ते १९४५ ची चांदणी. फीत पार विटलेली, पण तिचे रंग ठरलेले आहेत: गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे उभे पट्टे. ते तसेच भरले.

आता नाराजीचा विषय. एका जोडप्याचा फोटो आहे, बहुधा लग्नानंतर लगेच काढलेला. पुरुषाची बाजू शाबूत. बाईंचा चेहरा नाकापासून डावीकडे ओलीने गेलेला. त्यांचा दुसरा फोटो नाही. नातवंडांनी मंदिराला मोठी देणगी दिली आहे आणि आजीचा पूर्ण चेहरा छापून यावा ही त्यांची इच्छा अगदी रास्त आहे. त्यांनीच एका प्रोग्रामकडून तो भरून आणला. देखणा भरला आहे. तो घेऊन मी त्या बाईंच्या धाकट्या जावेकडे गेलो. त्यांचे वय नव्वदीच्या पुढे, कान गेले, पण नजर अजून चालते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “ही कोन बाई? आमची अक्का न्हवं.” मग मूळ फोटो दाखविला, अर्धा गेलेला. त्यावर त्यांनी हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला.

म्हणून स्मरणिकेत तो फोटो अर्ध्या चेहऱ्याचाच छापावा असे मी समितीला सुचविले व समितीने ते मान्य केले. घरच्यांनी त्यांच्या भिंतीवर कोणता लावावा हा त्यांचा अधिकार आहे. पण स्मरणिका गावचे दप्तर आहे, त्यात वाईट दिसले तरी अस्सल पाहिजे. मला व्यक्तिशः ते वाईटही दिसत नाही. आपल्या गाभाऱ्याच्या चौकटीवरील झिजलेल्या द्वारपालाला आपण नवे नाक बसविले नाही, तैलरंग तेवढा खरवडून काढला. जे फोटो रंगविले त्यांच्याखाली ‘रंग नंतर भरलेले’ असे छापले जाईल आणि शेजारी लहान आकारात मूळ फोटो येईल. पाने वाढतील, खर्च वाढेल. खजिनदारांनी होकार दिला आहे.

लुगड्याचा रंग सांगणारी माणसे आता गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तेव्हा सप्ताह संपेपर्यंत रोज दुपारी काल्याच्या ओट्याशेजारी ओवरीत मी संगणक घेऊन बसणार आहे. फोटो आणताना घरातील म्हाताऱ्या माणसालाही आणावे. चालवत नसेल तर निरोप द्या, मी घरी येईन. कोण बसले आहे, कोण उभे आहे ते फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे, बॉलपेन नको. चिकटपट्टी लावू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. आणि फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकट तसाच आणावा. काचेवरून स्कॅन होते.